तीन अक्षरी नावाचा उगम शोधताना: माझा अनुभव

मुलाचे नाव तीन अक्षरी असावे आणि त्याचा उगम आम्हांला छातीठोकपणे सांगता यावा, एवढ्या दोनच अटी मी आणि पत्नीने ठरवल्या होत्या. पहिली अट सहज पार पडली. जोडाक्षर एकच अक्षर धरले जाते, त्यामुळे ‘आदित्य’ आणि ‘भास्कर’ ही नावेही तीन अक्षरीच ठरतात. घोडे अडले ते दुसऱ्या अटीपाशी, आणि ते अडवले नावांच्या याद्यांनी. त्यांच्यावरचा माझा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

वहिनींनी ‘रेयांश’ सुचवले. कानाला गोड वाटले, म्हणून अर्थ पाहायला गेलो, तर एका यादीत ‘सूर्याचा अंश’, दुसरीत ‘विष्णूचा अंश’, आणि दोन्हींकडे मूळ मात्र ‘संस्कृत’. ‘अंश’ म्हणजे भाग, याविषयी वाद नाही; पण मग ‘रेय’ म्हणजे काय? अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी शब्दकोशात, सूर्याची तिसाहून अधिक नावे ओळीने दिली आहेत, त्यांत ‘रेय’ नाही. धातू कोणता, शब्द कोणत्या ग्रंथात आला आहे, यांपैकी काहीच न सांगता याद्या एकमेकींवरून अर्थ उतरवून घेतात, आणि आयुष्यभर ते नाव वागवणाऱ्या मुलाला काय उत्तर द्यायचे याचा विचार कोणी करत नाही. एका यादीच्या चालकांना मी आधार विचारला. ‘हा अर्थ प्रचलित आहे’ एवढेच उत्तर आले. नवे नाव घडवण्यात काहीच गैर नाही. ते नवे आहे असे सरळ लिहावे, त्याला प्राचीनतेचा मुलामा देऊ नये, इतकीच माझी अपेक्षा होती.

म्हणून सांगतो, यादीतला अर्थ वाचल्यावर नावाचे घटक सुटे करावेत आणि प्रत्येक घटक कोशात पाहावा. ‘रोहन’ या कसोटीला उतरते, कारण त्यामागे ‘रुह्’ म्हणजे वर चढणे, वाढणे हा धातू स्पष्ट दिसतो. काही नावांना दोन स्वतंत्र उगम असतात, हेही ध्यानात ठेवावे: ‘समीर’ संस्कृतात वारा आहे, तर अरबीत रात्री गप्पागोष्टींना सोबत करणारा. ‘कबीर’ आणि ‘साहिल’ ही दोन्ही अरबी. पहिल्याचा अर्थ थोर, दुसऱ्याचा किनारा.

आमचे नाव अखेर अमरकोशातल्या त्याच ओळींत सापडले. अरुण, तपन आणि आदित्य यांच्याच पंक्तीला तिथे ‘मिहिर’ आहे. हा शब्द संस्कृतात इराणी भाषांतून आला असे अभ्यासक मानतात. त्याचे नाते प्राचीन इराणी देवता मिथ्र हिच्याशी आणि तिच्यामार्फत वेदांतल्या मित्राशी जोडले जाते. सहाव्या शतकातला ज्योतिर्विद वराहमिहिर याच्या नावातही तोच आहे. दोन भाषांतला इतका जुना प्रवास एका नावात पाहून मला जो आनंद झाला, तो कोणत्याही यादीने दिला नव्हता.

लिहिताना मात्र ‘मिहिर’ मधला ‘हि’ ऱ्हस्व ठेवावा. मराठीत ‘मिहीर’ असेही सर्रास लिहिले जाते, पण संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द मुळाप्रमाणे लिहावा असा नियम आहे. जे रूप ठरेल तेच पहिल्या कागदापासून सगळीकडे लावावे. रोमन लिपीतले स्पेलिंगही त्याच वेळी ठरवून टाकावे.