बेटाचं स्वतःचं

सोमवार, पोर्ट ब्लेअर

शहराचं नाव 2024 पासून श्रीविजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच. सकाळी सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांच्या कोठडीपाशी आई बराच वेळ उभी राहिली. त्याबद्दल सवडीने लिहायचंय, आज नाही.

दुपारी बोटीने रॉस बेटावर गेलो. 2018 पासून ते नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. इंग्रजांच्या काळात सगळ्या अंदमानाचा कारभार इथून चालायचा. आता चर्च आणि बंगल्यांच्या नुसत्या भिंती उरल्यात आणि त्यांनाही झाडांच्या मुळ्यांनी कवटाळलंय. या पडझडीतून चितळं निवांत फिरतात. माणसाला जराही बुजत नाहीत. एक मादी भाचीच्या इतकी जवळ आली की तिच्या पापण्यांचे केस मोजता आले असते. मोरही दिसले. पोरगी हरखून गेली.

मलाही चितळं सुंदरच वाटली. पण ती इथली नव्हेत. इंग्रजांनी ती मुख्य भूमीवरून आणून सोडली. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्री नाहीत, त्यामुळे त्यांना आवरणारं कुणी नव्हतं. वर चितळं पोहतात चांगली, खाड्या ओलांडून एका बेटावरून दुसऱ्यावर पोचली. रानातली रोपं आणि खालचा पाला ती फस्त करतात. जिथे चितळं आहेत तिथली खालची झुडपं विरळ होतात आणि त्या आडोशाने जगणारे सरडेही घटतात, असं अभ्यासकांना आढळलंय. यात चितळाचा काय दोष? त्याला बोटीत घालून आणणारे वेगळेच होते. पण पर्यटकाला पहिल्या दिवशी जे सहज दिसतं, ज्याचे फोटो सगळे घरी पाठवतात, ते नेमकं बाहेरून आलेलं असावं याची दिवसभर रुखरुख लागून राहिली. आता बेटाचं स्वतःचं जे आहे, ते शोधायचं.

मंगळवार, चिडिया टापू

इथे उजाडतं फार लवकर. घड्याळ आपलंच, पण सूर्य खूप पूर्वेचा. पाचला निघालो. चिडिया टापू शहराच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर. बहुतेक लोक तिथे सूर्यास्ताला जातात, त्यामुळे पहाटे रस्ता आमच्या एकट्यांचा होता.

आधी फक्त आवाज आले. पोपटांचे, मैनांचे, कोतवालाचे. मग एका वाळक्या खोडावर ठक ठक सुरू झालं, आणि गाडी थांबवायला सांगितली. अंदमानचा काळा सुतार! नखशिखान्त काळा, डोक्यावर लालभडक तुरा, डोळा पिवळा. जगात फक्त अंदमानात सापडतो. आपल्या सह्याद्रीत याचा एक भाऊबंद आहे, तोही काळा, पण पोटावर पांढरा. हा मात्र पोटाशीही काळाच. खोडाच्या मागे सरकायचा आणि दुसऱ्या बाजूने डोकं काढून आमच्याकडे बघायचा. चोच मारताना सालीचे कपटे खाली पडत होते, ते भाचीने उचलून पाहिले. आत अळ्यांनी पोखरलेल्या बारीक वाटा होत्या. दहा-पंधरा मिनिटं तो त्याच खोडावर होता. मला तेवढ्यावर परत फिरायला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पुढे वळणावर रस्त्याच्या कडेला गवतातून एक पक्षी चालत बाहेर आला. पंख विटकरी, पण अंग आणि डोकं फिकट तपकिरी. आईने आधी ओळखलं. "अगं, भारद्वाज!" म्हणाली आणि लगेच हात जोडले. आपला भारद्वाज काळा, हा मातकट, पण चाल तीच, एकेक पाऊल ठेवत चालणं तेच. हाही अंदमानचाच, शेजारच्या ब्रह्मदेशाच्या कोको बेटांवर तेवढा आढळतो. "याचाही शकुन चालतो का गं आजी?" भाचीने विचारलं. आजी म्हणाली, "भारद्वाज तो भारद्वाज."

बाकी यादी वहीच्या मागच्या पानावर आहे. सर्पगरुड हुकला, फक्त शीळ ऐकली.

गुरुवार, स्वराज द्वीप

हॅवलॉकचं हे नवं नाव. काल बोटीत आईला त्रास झाला म्हणून सकाळी कुठेही गेलो नाही, आणि ते फार बरं झालं. राहण्याच्या जागेमागे केळी आहेत. चहा घेत तिथे बसले होते. केळफुलाच्या दांड्यावर काहीतरी हिरवं हललं.

पाल होती. पण असली पाल मी कधी पाहिली नव्हती. अंग ओल्या पानाचं हिरवं, पाठीवर लाल ठिपके. आणि भर उन्हात! आपल्या पाली रात्री दिव्याखाली येतात, ही दिवसा हिंडते. केळफुलाची पाकळी जिथे उचलली होती तिथे तोंड घालून ती आतला गोड रस चाटत होती. जीभ गुलाबी, बोथट. मधेच थांबली आणि त्याच जिभेने स्वतःचा डोळा पुसला. पालीला पापणी मिटता येत नाही, डोळा असाच साफ ठेवावा लागतो. बाहुली गोल, त्यामुळे ती खरोखर आपल्याकडे पाहतेय असं वाटतं. मी कप खाली ठेवला तशी दांड्याच्या मागे गेली, मग हळूच परत आली.

तिला अंदमानची दिवसा वावरणारी पाल म्हणतात, शास्त्रीय नाव फेल्सुमा अंदमानेन्सिस. या फेल्सुमा कुळातल्या बाकीच्या सगळ्या पाली मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्स अशा पार हिंदी महासागराच्या पश्चिम टोकाला. मधे हजारो किलोमीटर नुसतं पाणी, आणि इकडे ही एकटी. ओंडक्याला धरून वाहत आली असेल का, कधी आली असेल, याचा विचार करत मी दुपारपर्यंत तिथेच होते. आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

संध्याकाळी राधानगरचा किनारा. साडेपाचला सूर्य बुडाला, माणसं परतू लागली आणि मागच्या महुआच्या मोठ्या झाडांखालून शंख चालत यायला लागले. शंखात राहणारे खेकडे, हर्मिट क्रॅब. शेकड्यांनी. या खेकड्याचं पुढचं अंग कडक, मागचं पोट मऊ आणि वळलेलं, म्हणून त्याला दुसऱ्याचा रिकामा शंख लागतो. तो वाढतो, शंख वाढत नाही, की चालला नवं बिऱ्हाड शोधायला.

भाचीने सकाळी फिरताना तीन-चार शंख गोळा केले होते. ते खिशातून काढून तिने वाळूवर ठेवले आणि आम्ही लांब बसलो. एक खेकडा आला. एका शंखाच्या तोंडाशी थांबला, मिशा आत घालून चाचपलं, मग शंख पायांनी गोल फिरवून सगळीकडून पाहिला. नांगी आत घालून खोली अजमावली. हे सगळं अगदी सावकाश. आणि मग इतक्या झटक्यात जुन्यातून निघून नव्यात शिरला की ते उघडं, गुलाबीसर पोट जेमतेम दिसलं. त्याने सोडलेल्या शंखाकडे पाच मिनिटांत त्याच्याहून धाकटा खेकडा पोचला.

"मावशी, म्हणजे मी हे घरी नेले असते तर?" एवढंच ती म्हणाली. उरलेले शंख तिथेच राहिले. लोकांना हे दाखवायला हवं, अगदी हात धरून. पिशव्या भरभरून शंख नेणारी कुटुंबं मी आजच पाहिलीत. प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला असला तरी, नेणं बेकायदा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. रिकाम्या शंखासाठी कुणीतरी वाट पाहत असतं, हे कुणी सांगत नाही.

शनिवार, शहीद द्वीप

नील बेट. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांची वस्ती. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. अमावास्या जवळ आलीय, तेव्हा ओहोटी चांगली लांबवर जाईल, असं आईने कालच सांगितलं होतं. गुहागरच्या बाईला तिथीवरून समुद्र कळतो. दुपारी तीनच्या पुढे पाणी हटलं आणि खडकांमधली डबकी उघडी पडली.

वाट दाखवायला एक बंगाली दादा होते. पहिल्याच डबक्यात त्यांनी समुद्रकाकडी दाखवली. ही वाळू गिळते, तिच्यातलं खाण्याजोगं घेते आणि वाळू मागे टाकते. पूर्वेकडच्या देशांत तिला मोठी किंमत येते म्हणून चोरून पकडतात, खरं तर 2001 पासून तिला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. शेजारच्या गटाच्या वाटाड्याने एक उचलून फोटोसाठी हातोहात फिरवली. आमच्या दादांनी हात लावू दिला नाही. त्यांचा मला फार आदर वाटला.

मग प्रवाळाच्या खडकात रुतलेला मोठा शिंपला. दोन नागमोडी ओठांमधून निळं-जांभळं मांस, त्यावर चमकते ठिपके. तो रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळामुळे खुलतो. शेवाळ उन्हावर अन्न बनवतं, शिंपल्याला त्यातला वाटा मिळतो. भाची वाकली, तिची सावली पडली, आणि शिंपला मिटला. ती मागे झाली, थोड्या वेळाने उघडला. असं दोनदा झाल्यावर तिने आपणहून सावली पडणार नाही अशी जागा शोधली.

रात्री जेवताना पुढचं ठरलं. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ कालीपूरचा किनारा आहे, तिथे हिवाळ्यात चार जातींची कासवं अंडी घालायला येतात. वेळासला आम्ही ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहिलीत. इथे त्यांच्यासोबत लेदरबॅकही येतं, जगातलं सगळ्यात मोठं कासव. आईने विचारलं, तिथवर गाडी जाते का. जाते, पण दिवस मोडतो. "मग बोटीपेक्षा बरं," म्हणाली.