गच्चीवरचं कागदी लिंबू : चौथ्या पावसाळ्याची नोंद

आज सकाळी मोजली. अकरा. त्यातली सात काढली, चार अजून हिरवीकच्च आहेत. अकरा लिंबांचं कौतुक मंडईत कुणाला सांगण्यासारखं नाही, पण या झाडानं पहिली दोन वर्षं एक फूलसुद्धा दाखवलं नव्हतं. त्यामुळे सासूबाईंनी साताचं लोणचं घालते म्हटल्यावर मी त्यातली तीन लपवून ठेवली.

मागची कथा अशी. जून २०२२ मध्ये कलमी रोप आणलं आणि १४ इंची मातीच्या कुंडीत लावलं. तळाशी विटांचे तुकडे आणि खडी, वर लाल माती नि शेणखत. पहिल्या पावसाळ्यात पालवी झकास आली. पुढच्या उन्हाळ्यात मात्र जुन्या पानांची टोकं करपायला लागली आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. नव्या पानांना असं झालं की लोह कमी पडतंय, हे आपल्याला पाठच असतं. फेरस सल्फेट घातलं. महिनाभर ढिम्म फरक नाही. मग आणखी घातलं. (हे करू नका.)

लोह मातीत होतंच. माती अल्कधर्मी झाली की ते मुळांना उचलता येत नाही, एवढंच. आणि ती तशी करत होते मीच. आरओ फिल्टरचं जे पाणी वाया जातं, त्याची नळी मी बादलीत सोडली होती आणि ती बादली रोज लिंबाला. पाणी वाचवल्याचं समाधान वेगळंच. एकदा शेजारच्या काकांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) मागून आणला. सोसायटीच्या बोअरचं पाणी ४८०, बादलीतलं ९००च्या वर. फिल्टर क्षार गाळतो म्हणजे ते नाहीसे थोडेच होतात, ते त्या बादलीत जातात! जमिनीत ते पावसाबरोबर खाली तरी जातात. कुंडीत पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कुंडीला बाहेरून जो पांढरा थर धरला होता, तो मी दोन वर्षं फडक्यानं पुसत होते. लिंबूवर्गीय झाडं क्षारांच्या बाबतीत भलतीच नाजूक. आता ते पाणी फरशी पुसायला जातं.

दुसरी चूक तळाशी होती. जून २०२४ मध्ये कुंडी उलटी केली तर खडीच्या लगतची मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि कुबट वासाची. खडीनं निचरा होतो असं आपण सगळेच धरून चालतो. स्वयंपाकघरातला स्पंज भिजवून हातावर आडवा धरून बघा. ठिबकायचा थांबला की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळेल. मातीचंही तसंच आहे. तळाशी काही बोटं जाडीचा चिंब थर राहतोच, आणि वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरत नाही. म्हणजे खडी घालून मी तो चिकचिकाट नुसता वर सरकवला होता, थेट मुळांपाशी. खोल कुंडी खडीपेक्षा कितीतरी बरी.

म्हणून २०० लिटरचं निळं पिंप अर्धं कापून घेतलं. भोकांवर फक्त मच्छरदाणीचा तुकडा. मिश्रण : दोन घमेली धुतलेलं कोकोपीट, एक गांडूळखत, एक लाल माती, एक भाताचं तूस, असं पिंप भरेपर्यंत, वरून निंबोळी पेंड. कोकोपीट धुवायचा कंटाळा करू नका, त्यातही क्षार असतात. भिजल्यावर हे प्रकरण शंभर किलोच्या घरात जातं, तेव्हा स्लॅबच्या मध्यावर न ठेवता बीमवर, विटांवर ठेवलं. सडकी मुळं कापली, फांद्याही तेवढ्याच छाटल्या. पुढचं काम पावसानं केलं. २०२४ चा जुलै पुण्यात कसा कोसळला ते आठवत असेलच. दिवाळीपर्यंत नवी पानं हिरवीगार.

पालवी आली, फुलं नाहीत. मग आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचं ठरवलं. त्यासाठी बागेत महिनाभर किंवा जास्तही ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. पिंपात तेवढा दिला तर सरपण होईल. डिसेंबरअखेर पाणी तोडलं. नवव्या दिवशी पानं दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरायला लागली. बाराव्या दिवशी संध्याकाळीही सावरली नाहीत. थोडी पिवळी होऊन गळलीसुद्धा. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. सकाळी ताण तोडला, पण एकदम पिंप भरून नाही. आधी दोन तांबे, तीन दिवसांनी अर्धी बादली, मग नेहमीसारखं आणि सोबत गांडूळखत. जानेवारी संपताना पहिली कळी. फुलं मोजायच्या पलीकडे, वाटाण्याएवढी फळं चाळीसेक, टिकली अकरा. एप्रिलमध्ये चार दिवस गावाला गेलो आणि आल्यावर घाईनं भरपूर पाणी घातलं. त्यात दोन मोठी झालेली फळं तडकली, ती या अकरात धरलेली नाहीत.

अळ्यांचं सांगायचं राहिलं. पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या त्या पिल्लांना मी उचलून कढीपत्त्यावर नेऊन ठेवते, कारण लिंबाच्या फुलपाखराला दोन्ही झाडं चालतात. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडतात. कढीपत्त्याचा खराटा झालाय, फोडणीला सध्या विकतचा.

आता हस्त बहार खुणावतोय, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं आणि लिंबं ऐन उन्हाळ्यात हाताशी. अडचण एकच, ताण द्यायचा तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर. पिंप काही हलत नाही, म्हणून खोडाभोवती बांधायला प्लॅस्टिकचा कागद आणून ठेवलाय. कुणी कुंडीत हे केलं असेल तर पाणी किती दिवस तोडलं तेवढं कळवा.