रफ वही

दहावीतल्या मुलाच्या दप्तरात गणिताच्या दोन वह्या असतात. एक फेअर. तिला खाकी कव्हर, पहिल्या पानावर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, समास लाल पेनने आखलेला. दुसरी रफ. तिला कव्हर नसतं. मागच्या पानांवर फुल्लीगोळा, क्रिकेटचा संघ, कुणाची तरी नक्कल केलेली सही आणि या सगळ्यात मधेच कुठेतरी अर्धवट सोडलेलं वर्गसमीकरण. शाळेत तपासली जाते पहिली. शिकवणी चालते ती दुसरीवर.

फेअर वही खोटं बोलते असं नाही, पण तिला पाहुण्यांसमोर बसवलेलं असतं. तिच्यातली उत्तरं फळ्यावरून, गाइडमधून किंवा शेजारच्या बाकावरून स्वच्छ अक्षरात उतरलेली असतात. शिकवणी लावायला आलेले पालक हीच वही आणि घटक चाचणीचे पेपर पुढे ठेवतात. ‘तसं त्याला सगळं येतं हो, पण सिली मिस्टेक्स फार होतात,’ हे वाक्य ठरलेलं. सिली मिस्टेक म्हणतात तिच्यात सिली फारसं काही नसतं. एकच चूक तीन पेपरांत तीनदा झाली असेल, तर तो निष्काळजीपणा नव्हे. मुलाच्या डोक्यात तो नियमच होऊन बसलाय आणि मुलगा तो प्रामाणिकपणे पाळतोय. फक्त नियम चुकीचा आहे.

वजा पाच क्ष बरोबर वीस हे गणित घ्या. (दहावीच्या मराठी पुस्तकातही आता इंग्रजी एक्सच असतो. क्ष हद्दपार झाला. इथे मात्र त्याला जरा बसू द्या.) मुलगा लिहितो :

−५क्ष = २०
क्ष = २० ÷ ५ = ४

‘उणे कुठे गेलं रे?’
‘बाजू बदलली ना सर. बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’

हे त्याला सातवीत कुणीतरी सांगितलेलं असतं आणि क्ष + ५ = २० अशा ठिकाणी ते चोख चालतं. पण इथला −५ क्षला मिळवलेला नाही, त्याने क्षला गुणलंय. तो पलीकडे जाताना भागाकार होऊन जातो, तोही आपलं चिन्ह खिशात घेऊन. उत्तर −४. खरं तर ‘बाजू बदलणं’ असं काही नसतंच. आपण दोन्ही बाजूंना तीच क्रिया करतो आणि मधली ओळ लिहायचा कंटाळा करतो. म्हणून पंधरा दिवस ती ओळ लिहायला लावायची : ‘दोन्ही बाजूंना −५ ने भागून’. तीन ओळींचं गणित पाच ओळींचं होतं, मुलं कुरकुरतात, शाळेतले मित्र हसतात. पंधरा दिवसांनी ओळ गाळायची मुभा द्यावी. तोवर ती डोक्यात लिहिली जायला लागलेली असते.

आता मधल्या पदाची फोड. क्ष² − ५क्ष + ६ = ०. गुणाकार सहा, बेरीज उणे पाच, म्हणून −३ आणि −२. इथपर्यंत बहुतेक मुलं येतात. पुढे :

क्ष² − ३क्ष − २क्ष + ६ = ०
क्ष(क्ष − ३) − २(क्ष + ३) = ०

इथे पेन थांबतं. कंस जुळत नाहीत. आणि या क्षणी मुलांच्या दोन जाती होतात. एक जण खोडरबर घेऊन बसतो आणि पहिल्या ओळीपासून सगळं पुसायला लागतो. दुसऱ्याला ठाऊक असतं की कंस जुळायलाच हवेत. तो गुपचूप दुसऱ्या कंसातल्या अधिकचा वजा करतो आणि पुढे जातो. उत्तर ३ आणि २. बरोबर! शाळेत टिकमार्क, फेअर वहीत कौतुक. पण काळजी करावी ती याचीच. पुढे कधी फोडच चुकली की कंस खरोखरच जुळणार नाहीत, तेव्हाही तो ते ओढूनताणून जुळवेल आणि चुकीच्या उत्तराखाली दुहेरी रेघ मारून मोकळा होईल. पुसणाऱ्याला काहीतरी बिघडल्याचं कळलेलं तरी असतं. दोघांनाही प्रश्न एकच विचारायचा : ‘−२ ला कशाने गुणलं की +६ येतं?’ उत्तर तोंडीच द्यायचं. मग कंस पुन्हा उघडून मूळचं पद परत येतं का, ते बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

हे सगळं दिसायचं तर दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, खोडरबर दप्तरातच राहू द्यायचा. रफ वहीत पेनच चालवायचं आणि चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. काही मुलं चूक झाली की तिच्यावर गिरगटून कागद फाटेस्तोवर पुरावा नष्ट करतात. त्यांची ही सवय मोडायला शिकवणीचा पहिला महिना जातो. दुसरी गोष्ट बसण्याची. टेबलाच्या पलीकडे समोरासमोर बसलं की वही उलटी दिसते आणि सहाचा नऊ होतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडे बसावं, डावखुऱ्याच्या उजवीकडे. मग लिहिणारा हात आड येत नाही आणि पेनाचं टोक सतत दिसत राहतं. ते कुठे अडखळतं, हे तपासलेल्या पेपरात कधीच कळत नाही. तिथे फक्त शेवटी फुली असते.

चाळीस मुलांच्या बॅचमध्ये हे कसं जमणार? नाहीच जमत. तिथे फळा असतो, माइक असतो, छापील नोट्स असतात, रविवारी टेस्ट सिरीज असते. ज्याचा पाया पक्का आहे त्याला त्याचा उपयोगही होतो. पण ज्याची गाडी पाचवीच्या अपूर्णांकांवर अडलीय, त्याला दहावीचा फळा कितीही रंगीत खडूंनी भरला तरी काय कामाचा? टेबलाभोवती तीन-चार मुलं, फार तर पाच. शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २८ वं कलम सांगतं. त्यामुळे अशा टेबलाशी निवृत्त मास्तर असतात, बीएस्सी झालेल्या आणि स्वयंपाकघरातला कुकर ऐकत शिकवणाऱ्या बाई असतात, नाहीतर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला वरच्या मजल्यावरचा दादा. दादाची अडचण अशी की त्याला स्वतःला कधी काही अडलेलंच नसतं.

पाचवीचे अपूर्णांक उगाच नाही काढले. विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा आहे, आणि मुलं म्हणतात की तो अवघड आहे. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर, तर प्रतिमा कुठे? सूत्र पाठ असतं : एक भागिले व्ही, वजा एक भागिले यू, बरोबर एक भागिले एफ (व्ही प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं, एफ नाभीय). चिन्हसंकेताप्रमाणे वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून यू उणे ३०. म्हणजे १/व्ही = १/२० − १/३०. छेद समान करायचे : ३/६० − २/६०. म्हणजे १/६०. आणि इथे तीनातलं एक मूल उत्तर लिहून टाकतं : व्ही = १/६० सेंटिमीटर. केसाएवढ्या अंतरावर पडलेली प्रतिमा! उलटं करायचं राहिलं. दुसरं मूल उणे चिन्ह विसरतं, दोन अपूर्णांकांची बेरीज करतं आणि १२ वर येतं. तिसरं थेट वीसातून तीस वजा करतं. या तिघांना प्रकाश समजलेला नाही, असं म्हणून धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवणं म्हणजे गळतोय नळ आणि रंगवतोय भिंत. पहिल्याला व्यस्त म्हणजे काय ते हवंय, तिसऱ्याला लसावि, आणि दुसऱ्याला एवढंच की सूत्रात आकडे घालण्याआधी वहीच्या कडेला यू, व्ही, एफ चिन्हांसकट एकाखाली एक लिहायचे.

बरोबर उत्तर ६०, भिंगाच्या पलीकडे. ते पटायचं तर कपाटातलं बहिर्गोल भिंग काढावं. स्टेशनरीच्या दुकानातलं हातात धरायचं भिंग चालतं. दिवसा खोलीतले दिवे घालवून खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरायचं आणि हळूहळू मागेपुढे करायचं. एका ठिकाणी भिंतीवर समोरची इमारत उमटते, रंगीत, नखाएवढी, डोक्यावर उभी. भिंत ते भिंग अंतर पट्टीने मोजलं की नाभीय अंतर मिळालं. मग दिवा लावून तो नाभीय अंतराच्या दीडपट दूर ठेवायचा आणि पलीकडे वहीचा कोरा पुठ्ठा सरकवत प्रतिमा शोधायची. ती तिप्पट अंतरावर सापडते, दुप्पट मोठी, उलटी. वीसाला तीस आणि साठ, हेच ते. सूर्याकडे मात्र भिंग धरू द्यायचं नाही. दर वर्षी एखाद्या वहीच्या कोपऱ्याला तपकिरी भोक असतंच.

सेमी इंग्रजीने शिकवणीला आणखी एक काम लावून ठेवलंय. इतिहास मराठीत, गणित-विज्ञान इंग्रजीत, आणि विचार कशात करायचा ते कुणी सांगत नाही. ‘एकोणसत्तर’ म्हटलं की मूल विचारतं, ‘म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?’ मराठी आकड्यात एकक आधी येतो, सदतीसमधला सात आधी ऐकू येतो आणि घाईत ७३ लिहिला जातो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला ‘वीस सात’ आलं तेव्हा केवढं वादंग उठलं होतं. गंमत वाटायची त्यांना वाटो, पण घाईत उलटे झालेले आकडे रफ वहीत नववीपर्यंत सापडतात. त्यावर उपाय साधा आहे : आकडा तोंडी सांगायचाच असेल तर ‘तीन, सात’ असा सुटा सांगावा.

रंगांचंही तसंच. मराठी माध्यमाचं मूल तानापिहिनिपाजा म्हणतं, सेमीचं विबग्योर. एक तांबड्यापासून सुरू होतं, दुसरं जांभळ्यापासून. दोन्ही पाठ असलेल्या मुलाला लोलकातून कमी वळणारा रंग विचारा. तो ‘पहिला’ म्हणतो आणि कुठल्या यादीतला पहिला यावर त्याचा गुण ठरतो. (कमी वळतो तांबडा.) एका बाबतीत मात्र मराठी माध्यमवाले नशीबवान. त्रिकोणाच्या कसोट्यांना त्यांच्याकडे बाकोबा (बाजू-कोन-बाजू) आहे, कोबाको आहे, बाबाबा आहे. ज्याला बाकोबा येतो त्याला दोन बाजूंच्या मधलाच कोन हवा, हे वेगळं सांगावं लागत नाही. को बांच्या मधेच तर बसलाय.

रसायनात रफ वही थोडी वेगळी दिसते. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. मूल खुशाल उजवीकडच्या ओच्या पायाशी दोन लिहितं. समीकरण झालं संतुलित! पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखमेवर टाकलं की फसफसतं ते. पायाशी असलेला आकडा म्हणजे पदार्थाची ओळख, तिला हात लावायचा नाही. बदलायचा तो पुढचा आकडा, म्हणजे किती रेणू. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी. शिकवताना दोन रंगांचे मणी किंवा हरभरे-वाटाणे घेतले तर पाच मिनिटांत होतं, फक्त हरभरे भिजवलेले नकोत, खाल्ले जातात.

गृहपाठ पाच गणितांचा द्यावा. पंचवीस दिली की वीस उतरवली जातात. पाचांतली तीन आजची, एक मागच्या आठवड्यातलं आणि एक मागच्या महिन्यातलं, मुलाला आता त्याचा विसर पडलाय असं. पुढच्या खेपेला पहिली दहा मिनिटं त्यांचीच. जानेवारीनंतर घड्याळ लावायचं. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा, भूमितीचाही तसाच. म्हणजे गुणाला तीन मिनिटं. चार गुणांच्या गणितावर अर्धा तास घालवणारं मूल हुशार असतं आणि त्याचाच पेपर अर्धवट राहतो. कच्चं काम कुठे करायचं, तेही तेव्हाच ठरवून टाकावं : पानाच्या उजवीकडे दोन बोटं रुंद पट्टा आखून. तळहातावर सत्त्याऐंशी नव्वे करणाऱ्यांचं चुकतं ते गुणाकारात नाही, तळहातावरून कागदावर उतरवताना.

परीक्षा संपली की फेअर वह्या कपाटाच्या वरच्या फळीवर जातात, धाकट्या भावंडासाठी. ते त्यातून उतरवणार हे उघड आहे. रफ वह्या रद्दीत. रद्दीवाला यायच्या आत त्या एकदा चाळाव्यात, पाठकोरी पानं अलगद सुटी करावीत, दाभणाने दोन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवावीत. जूनमध्ये नववीची नवी बॅच येते तेव्हा प्रत्येकाला एक. कागद पारदर्शक नसला तरी उजेडात धरला की मागची शाई दिसते, आणि नवी मुलं हमखास ते करून बघतात. ‘सर, इथे कुणीतरी अधिकचा वजा केलाय,’ एखादी म्हणते. तिला तीच ओळ पूर्ण करायला द्यावी.