एकतीस चुकलेली उत्तरे

गेल्या डिसेंबरात, बारावीचे वर्ष चालू असतानाच, मी क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, दिली आणि मला १२० पैकी ५८.२५ गुण मिळाले. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात. त्यांतही माझा क्रमांक लागला नाही. पुढे राज्याच्या विधी सीईटीत बरे गुण मिळाले आणि पुण्यातील एका महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेल असे दिसू लागले. तो घ्यावा, की एक वर्ष थांबून क्लॅट पुन्हा द्यावी, याचा निर्णय या महिन्यात करायचा होता.

सुरुवातीला पुन्हा परीक्षा द्यावी असे मला वाटत होते ते केवळ झालेले दुःख भरून काढण्यासाठी, आणि त्यासाठी आईबाबांच्या पैशांतून एक वर्ष मागणे मला पटत नव्हते. म्हणून मी प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका समोर घेऊन बसले. मी ९७ प्रश्न सोडवले होते. त्यांतले ६६ बरोबर, ३१ चूक, आणि प्रत्येक चुकीमागे पाव गुण वजा. या ३१ चुका मी एकेक करून वहीत उतरवल्या. चौदा शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या होत्या, जेव्हा उतारा पूर्ण न वाचताच मी गोळे भरत होते. आठ चालू घडामोडींच्या होत्या. उरलेल्या नऊ विधी तर्काच्या होत्या आणि त्यांनीच मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, कारण वकील व्हायचे म्हणणाऱ्या मुलीच्या त्या चुका होत्या.

त्या नऊ प्रश्नांत मी उताऱ्यात दिलेला नियम बाजूला ठेवून मला जे न्याय्य वाटले तेच उत्तर निवडले होते. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या मामाला वही दाखवली, तेव्हा त्याने मला प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाचा, १९०३ सालचा निकाल सांगितला. कायद्याने ठरवलेले वय पूर्ण न झालेल्या, म्हणजे कोर्टाच्या भाषेत अज्ञान असलेल्या मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून पैसे घेतले होते. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो, असे ठरले आणि सावकाराला रक्कम परत मिळाली नाही. मी लगेच सावकाराची बाजू घेतली. मामा म्हणाला, “तुला काय वाटतं ते नंतर सांग, आधी नियम काय म्हणतो ते सांग.” ही सवय लावून घेता येते, आणि तिला वर्षसुद्धा लागत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळले.

वेळेचा प्रश्न अधिक अवघड होता. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, आणि क्लॅटची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. साडेचारशे शब्दांच्या आसपासचे उतारे एकामागून एक वाचून १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. माझा वेग वाढेल की नाही, हे अंदाजाने ठरवायचे नव्हते. म्हणून सलग पाच रविवार दुपारी दोन ते चार, परीक्षेच्याच वेळी, मी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. पहिल्या रविवारी २६ प्रश्न राहिले, पाचव्या रविवारी ११. गुण ६१ वरून ७४ वर गेले. एवढ्यावर यश नक्की आहे असे मी म्हणत नाही, पण माझ्या चुका दुरुस्त होणाऱ्या आहेत एवढे त्यातून दिसले.

प्रवेश घेऊन शिकता शिकता परीक्षा द्यावी, असे बाबांचे मत होते. त्यात तथ्य होते, कारण हातातली जागा सोडण्याचे भय मलाही आहे. पण वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के उपस्थिती लागते, आणि पहिल्या सत्राची परीक्षा व क्लॅट जवळजवळ एकाच सुमारास येतात. दोन्हीकडे अर्धवट राहण्यापेक्षा एक निवडणे मला योग्य वाटले. मामाचे म्हणणे असे, की वकिलीची सनद तर सगळ्यांना एकच मिळते. ते खरे आहे. तरीही जिथे देशभरातली मुले एकत्र राहतात आणि ग्रंथालय रात्रीही उघडे असते, अशा जागी कायदा शिकण्याची माझी इच्छा खरी आहे, आणि ती मी त्याच्यापासून लपवली नाही.

मी परीक्षा पुन्हा देणार आहे, एकदाच. क्लॅटला कमाल वयाची अट नाही, म्हणून मर्यादा मलाच घालावी लागली. शिकवणीचे पूर्ण शुल्क भरायचे नाही, फक्त सराव चाचण्या घ्यायच्या, आणि मे महिन्यात राज्याची सीईटीही द्यायची, असे बाबांशी ठरले आहे. पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी शिक्षणात एक वर्षाचा खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र लागेल. त्याचा मसुदा मामाने मलाच करायला सांगितला आहे.