जरा पाठ टेकते

दुपारच्या वेळी "मी झोपते" असे माझी आई कधीच म्हणाली नाही. ती नेहमी "जरा पाठ टेकते" असे म्हणत असे, आणि तेही ओटा धुऊन, संध्याकाळची गवार मोडून आणि वाळलेले कपडे आत आणून झाल्यावर. चटईसुद्धा न घालता, दंडावर डोके टेकून ती स्वयंपाकघराच्या दाराशी आडवी होई आणि फाटकाची कडी वाजली की कोण आले आहे हे कळण्याआधीच उठून बसे. आलेल्या शेजारणीने "झोपला होतात का हो?" असे विचारले की ती घाईघाईने "छे, जागीच होते" असे सांगे. तिच्या गालावर मात्र बांगड्यांचा वळ स्पष्ट उमटलेला असे.

तो खुलासा मीही नकळत तिच्याकडूनच उचलला. दोन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली आणि डॉक्टरांनी तीन आठवड्यांची सक्तीची विश्रांती सांगितली. 'सक्तीची विश्रांती' हे दोन शब्द आपल्याकडे इतके जोडीने वावरतात की सक्ती झाल्याशिवाय विश्रांती घ्यायची नसते, हे जणू आपण गृहीतच धरले आहे. त्या तीन आठवड्यांत मी कपाटातले कपडे पलंगावर मागवून घेऊन घड्या घालत बसत असे, आणि सुनेने जेवणाचे ताट खोलीत आणून दिले की दरवेळी तिची क्षमा मागत असे. पुढे भूक परत आली, डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला, आणि बरे वाटल्याच्या आनंदाऐवजी माझ्या मनात पहिली आली ती धास्ती, की आता पडून राहायला काही कारण उरले नाही. त्या धास्तीने मी खरोखर हादरले, कारण आडवे होण्यासाठी मला आजाराचा दाखला लागत होता.

त्याच दिवसांत नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी पुन्हा वाचले. 1880 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांमध्ये दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी 1884 पासून कामगारांना संघटित करून ही मागणी लावून धरली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीतले कापड कधीच 'संपत' नसते, हे त्या माणसांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी काम संपण्याची वाट न पाहता वार मागितला. त्या दोघी स्त्रियांना घरी तरी रविवार मिळाला असेल का, हा विचार मात्र माझा पिच्छा सोडत नाही. त्यांची भाकरी त्या दिवशीही त्यांनीच थापली असणार.

माझ्या आजोळी बैलपोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होत असे. आजोबा बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकून त्यांवर हळद आणि तूप चोळत. जुवाने घट्टे पडलेल्या त्या जागेवरून त्यांचा तळवा फार हळू फिरे, आणि बैल मान खाली करून निमूट उभा राही. मग ते त्याच्या कानाशी "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे म्हणत. दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर जू येत नसे. शेतात कितीही काम पडलेले असले, तरी त्या दिवशी बैलाने आधी किती नांगरले याचा हिशेब कोणी काढत नसे. विश्रांती त्याच्याकडे निमंत्रण होऊन येई, तीही अहोजाहो करून. घरातल्या कोणत्याही बाईला असे आवतण मिळाल्याचे मला आठवत नाही, आणि आईच्या बाबतीत ही गोष्ट मला आज फार लागते.

गेल्या वर्षभरापासून मी दुपारी दोन ते पावणेतीन रीतसर अंथरूण घालते, उशी घेते आणि दार लोटून घेते. सुरुवातीचे कितीतरी दिवस पंख्याकडे पाहत मी गॅसचे सिलिंडर, दळण आणि भिजत घातलेली मटकी यांचीच उजळणी करत असे. दाराची घंटा वाजली की अंग आपसूक उठू पाहे. ते अजूनही उठू पाहते, पण दार उघडण्याचे काम आता घरातल्या इतर कोणीतरी करते. परवा वहिनींचा दुपारी फोन आला होता. तीन वाजता मी तो उलट लावला, तेव्हा त्यांनी "कामात होतात का?" असे विचारले. क्षणभर जुना खुलासा ओठांवर आला होता.

"नाही हो वहिनी," मी म्हणाले, "झोपले होते."