पानाच्या डब्याची पिन निघाली, तुरटीने!

मंडळी, निघाली एकदाची. मागे ज्या पितळी पानाच्या डब्याबद्दल लिहिलं होतं, त्याच्या बिजागरीतली गंजलेली पिन आता बाहेर आहे आणि पिन ज्यांतून जाते त्या पाचही नळ्या शाबूत आहेत. आज मला दुसरं काही सुचत नाहीये, त्यामुळे समईच्या पॉलिशचं पुढच्या वेळी.

ही पिन मूळची नव्हतीच. डबा पितळेचा आणि आत लोखंडी तार, म्हणजे कोणीतरी हाताला लागेल ते खुपसून वेळ मारून नेली होती. लोखंड गंजलं की गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. नळीत ती जागा नसते, मग आत पाचर मारल्यासारखी पिन आवळून बसते. झाकण जोराने उघडलं की पिन फिरत नाही, नळीच बिजागरीच्या पानापासून, म्हणजे पट्टीपासून, उखडायला लागते. जुन्या डब्यांच्या फाटलेल्या बिजागऱ्या आपण पाहतो, त्यातल्या कितीतरी अशाच गेलेल्या असतात.

रॉकेल मुरवून झालं, पंचने ठोकून झालं. ठोकल्यावर पिनचं टोकच पसरायला लागलं, तेव्हा हातोडी खाली ठेवली. ड्रिलचा विचार बऱ्याच जणांनी सुचवला होता, पण लोखंड कठीण आणि पितळ मऊ. बिट घसरून पितळात शिरतो आणि नळीची भिंत जाते. आच देणंही शक्य नव्हतं. बिजागरीच्या मागच्या पानाला कोणीतरी शिसं-कथलाचा डाग (सोल्डरचा जोड) दिलेला आहे, आणि तसला डाग 183 अंशांच्या आसपासच वितळायला लागतो. पिन सुटायच्या आधी बिजागरी हातात आली असती.

मग घड्याळजींची युक्ती आठवली. पितळी प्लेटमध्ये पोलादी स्क्रू तुटला की ते प्लेट तुरटीच्या गरम पाण्यात ठेवतात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. ते लोखंड हळूहळू खातं, पितळाला जवळजवळ हात लावत नाही. तापमान उकळत्या पाण्याच्या वर जात नाही, म्हणून कथलाचा डागही सुरक्षित.

काचेच्या पसरट भांड्यात, गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी घातली. (थंड पाण्यात ती फारच कमी विरघळते.) डबा मागच्या कडेवर असा उभा केला की फक्त बिजागरी बुडेल, आणि भांडं गरम पाण्याच्या परातीत ठेवलं. थोड्या वेळाने नळ्यांच्या सांध्यांतून बारीक बुडबुड्यांची रेघ वर यायला लागली. बुडबुडे येतायत तोवर काम चालू आहे, थांबले की पाणी बदलायचं. खिडकी उघडी ठेवा, तो वायू हायड्रोजन असतो.

खरी गंमत पुढे आहे. मला वाटलं होतं पिन दोन्ही टोकांकडून झिजत जाईल. पण पाणी सांध्यांतूनही आत शिरतं, त्यामुळे पिन आधी तिथेच तुटली आणि झाकण अलगद सुटून हातात आलं. प्रत्येक नळीत एकेक तुकडा, आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी वाट मोकळी! शेवटी आत काळा गाळ उरला, तो शिवणाच्या सुईने टोकरून काढला. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं. बिजागरीवर तांबूस झाक आली होती. ती चिंचेने गेली नाही, पॉलिशच्या कापडाने गेली.

आता नवी पिन. पितळी म्हणून एका दुकानातून तार आणली, लोहचुंबक लावला तर चिकटली: लोखंडावर पितळेचा मुलामा. बाजारात जाताना चुंबक खिशात ठेवाच. शेवटी ओळखीच्या सोनाराने जाड पितळी तार जंत्रीतून (लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून) ओढून हव्या त्या मापाची करून दिली. ओढल्याने ती कडकही होते, दुकानातल्या मऊ तारेपेक्षा कितीतरी चांगली. सायकलचा 2 मिलिमीटरचा स्टेनलेस स्पोक मापात बसतो, गंजत नाही, आणि अनेकजण तोच वापरतात. मला तो पटत नाही, कारण तो पितळेपेक्षा कठीण. पुढे झीज झालीच तर ती पिनची व्हावी, नळीची नव्हे.

बसवताना बुडाच्या तीन नळ्यांत पिन घट्ट हवी आणि झाकणाच्या दोन नळ्यांत सैल. उलट झालं तर पिन झाकणाबरोबर फिरत फिरत एका बाजूने बाहेर डोकावते. म्हणून झाकणाच्या नळ्या गोल कानशीने किंचित मोकळ्या केल्या, टोक गोलसर घासलं, थोडं मेण लावलं. सुकं बसवून पाहिलं: झाकण डुगडुगत नाही, मधेच सोडलं तर स्वतःच्या वजनाने सावकाश मिटतं.

दोन्ही टोकं ठोकून रिवट करायचा बेत होता. लिहिता लिहिता तो बदलतोय. एक टोक कणभर निमुळतं ठेवलं, तर पुढे कोणालाही त्या बाजूने पंच लावून पिन काढता येईल. घट्ट बसायला तीन नळ्यांची पकड पुरते. रिवट रद्द.

काहींच्या मनात अडकित्ते आले असतील, माझ्याही आले. पितळी अडकित्त्याचं पातं पोलादाचं असतं, तुरटीत पातंही जाईल. तिथे रिवटचं डोकं कानशीने घासून खालून ठोकणं हाच मार्ग. पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांचे सांधे पुन्हा एकदा नीट बघून मगच माझ्याकडच्या अडकित्त्याला हात लावणार आहे. कोणाकडे दीड मिलिमीटरची निमुळती रीमर (भोक घासून मोठं करायचं हत्यार) असेल तर कळवा, आठवडाभरासाठी हवी आहे.