खोटा बाप, खरा सासरा

रविवार, रात्री.

‘कादलिक्क नेरमिल्लै’ हा श्रीधर यांचा १९६४ सालचा तमिळ चित्रपट आज अखेर पाहिला. महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) याच कथेवर बेतलेला असल्याने आणि तो आमच्या पिढीला जवळजवळ तोंडपाठ असल्याने, तमिळ येत नसूनही कथानक समजायला मुळीच अडचण आली नाही. उलट कथा आधीच ठाऊक असल्यामुळे तिची रचना नीट न्याहाळता आली.

वेशांतराच्या विनोदात सहसा नवरदेवच सोंग घेतो. इथे मात्र अशोक (रविचंद्रन) स्वतः वेश बदलत नाही, तो फक्त आपण लक्षाधीशाचा मुलगा असल्याची थाप मारतो आणि मग त्या थापेला हाडामांसाचा बाप हवा म्हणून वासू या मित्राला म्हाताऱ्याच्या वेशात उभा करतो. विश्वनाथन या धनाढ्य जमीनदाराला जावयाच्या गुणांशी काही देणेघेणे नाही. त्याला व्याही तोलामोलाचा हवा आहे. सोयरीक जमवताना मुलाआधी त्याच्या घराण्याची चौकशी करणाऱ्या आपल्या समाजात खोटा बाप आणण्याची ही युक्ती किती अचूक आहे! पुढे गंमत अशी, की वासूचे जिच्यावर प्रेम आहे ती कांचना याच विश्वनाथनची थोरली मुलगी निघते आणि वासूचे खरे वडील त्याचे जुने स्नेही. खऱ्या स्थळाला सोंगाची गरजच नव्हती, पण ते सोंगातच अडकून पडते.

वासूचे काम मुथुरामन यांनी केले आहे. श्रीधर यांच्याच ‘नेंजिल ओर आलयम’मध्ये (१९६२) रुग्णालयात खिळलेला नवरा रंगवणारा हा नट इथे म्हाताऱ्याचा आव आणून लोकांना बनवत हिंडतो, हे पाहताना मौज वाटते. त्या करुण चित्रपटानंतर दोनच वर्षांनी दिग्दर्शकाने रंगीत, निखळ विनोदी चित्रपट काढावा, तोही शिवाजी गणेशन किंवा एम. जी. रामचंद्रन यांच्यासारखा मोठा नायक न घेता, याला धाडसच म्हणावे लागेल.

परंतु चित्रपट खरा कोणाचा असेल, तर तो विश्वनाथन रंगवणाऱ्या टी. एस. बालैया यांचा. मुलगा चेल्लप्पा (नागेश) सिनेमा काढायला निघाला आहे आणि बापाला भुताची गोष्ट ऐकवतो आहे, हा प्रसंग मी थांबवून पुन्हा पाहिला. नागेश सगळे आवाज तोंडानेच काढतात, पण हसू येते ते ऐकणाऱ्याकडे पाहून. बालैया यांचे डोळे विस्फारत जातात, अंग आक्रसते, आणि इस्टेटीवर जरब बसवणारा हा माणूस पोटच्या पोराच्या तोंडच्या आवाजांनी गळाठून जातो. आपण गोष्ट रचतो आहोत, असे उघड सांगणाऱ्या मुलासाठी त्याची थैली सुटत नाही. गोष्ट खरी म्हणून गळी उतरवणाऱ्या परक्याला मात्र तो मुलगी द्यायला तयार होतो.

उत्तरार्ध थोडा लांबला आहे. संगीतकार विश्वनाथन–राममूर्ती यांची गाणी सुरेख असली, तरी एखादे कमी चालले असते. नोकरीवरून काढलेला अशोक मालकाच्या, म्हणजे याच विश्वनाथनच्या, दारात आंदोलन मांडून नोकरी मागतो, ते कण्णदासन यांनी लिहिलेले गाणे मात्र हवेच. मालकाचे नाव असे चारचौघांत पुकारणे हीच त्यातली निम्मी गंमत आहे.

मराठीत खोटा बाप अशोक सराफ झाले. त्यांच्या यदुनाथ जवळकराचा पाइप आणि ठसका एवढा गाजला, की वधूपित्याच्या भूमिकेतले शरद तळवलकर पुष्कळांना नंतर आठवतात. हशा फसणाऱ्याकडून फसवणाऱ्याकडे सरकला. मला दोन्ही आवडतात, पण लग्नाच्या बाजारावरचा चिमटा तमिळ चित्रपटातच अधिक जोरात बसतो, कारण तिथे फसणाऱ्याचा चेहरा सतत समोर राहतो.